आवाज फाटतो तेव्हा

(स्त्रियांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आजच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'ध्वनिकला' असा शब्द छापला आहे. तो वाचून काहीजणींना वाटलं असेल, चला, दुपारच्या जेवणानंतर गाणं ऐकायला मिळणार. तसं काही होणार नाही. मी गात नाही. जुन्या कॅसेटी, टेपरेकॉर्डर, रेकॉर्ड प्लेअर, कोन फाटलेले स्पीकर घेऊन मी काम करते. त्यांच्यातून येणारी खरखर, घरघर, थरथर, शिट्टी हेच माझं साहित्य. हे आवाज मी जमवते, कापते, जोडते, एकमेकांवर चढवते आणि त्यातून दहा-वीस मिनिटांची रचना करते. लोक शांत बसून ती ऐकतात. काहीजण उठूनही जातात.

मला नेहमी एक प्रश्न विचारला जातो. "बिघडलेलं दुरुस्त करायचं सोडून तुम्ही ते वाजवत का बसता?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधता शोधता मी जिथे पोचले, ती जागा तुम्हा सगळ्याजणींच्या चांगल्या ओळखीची आहे. दोष कशाला म्हणायचं आणि ते ठरवायचं कुणी? आज मी याच प्रश्नाबद्दल बोलणार आहे.

आधी थोडं यंत्राबद्दल सांगते. घाबरू नका, स्वयंपाकघरातल्या मिक्सरपेक्षा ते अवघड नाही.

लाउडस्पीकरवर कुणी मोठ्याने बोललं की आपण म्हणतो, "आवाज फाटतोय." तंत्रज्ञ त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. होतं काय? प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरची एक मर्यादा असते. ध्वनीची लाट तो ठराविक उंचीपर्यंतच उचलू शकतो. त्याहून मोठी लाट आली की तिचा माथा छाटला जातो. माथा छाटला की मूळ आवाजात नसलेले नवे, वरचे स्वर त्यात तयार होतात, म्हणून तो खरखरीत आणि टोकदार लागतो. म्हणजे अपुरं पडलेलं असतं यंत्र, आणि आपण म्हणतो बोलणारीचा आवाज फाटला.

सभेतली शिट्टी घ्या. आधी बोललेल्या उंच माणसासाठी लावलेला माइक तसाच राहतो. मग एखादी बुटकी बाई बोलायला उभी राहते. तिचं तोंड माइकपासून दूर पडतं, आवाज पोचत नाही, म्हणून माइकवाला बटण फिरवून आवाज वाढवतो. आता स्पीकरमधून आलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये, आणि हे चक्र वाढत जाऊन कूंऽऽ अशी शिट्टी वाजते. याला फीडबॅक म्हणतात. सभागृहातले लोक कानावर हात ठेवतात आणि नंतर सांगतात, "मुद्दे चांगले होते, पण बाईंचा आवाज फार चिरका." माइक वीतभर खाली करायला कुणी उठत नाही.

टेलिफोनचंही असंच. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जात असे. बोलणं समजायला तेवढं पुरे, असं इंजिनीअरांनी ठरवलं होतं. पण 'स' आणि 'श' यांसारख्या व्यंजनांचा बराचसा भाग त्याच्या वर असतो, आणि बायकांच्या आवाजात तो आणखी वर जातो. तो कापला गेला की बोलणं अस्पष्ट लागतं. पट्टा कुठे कापायचा हा कुणीतरी घेतलेला निर्णय होता. तो तारेत बसला, आणि ऐकणाऱ्याला मात्र वाटलं, बाई नीट बोलत नाही.

यंत्र आणि बाईचा आवाज यांचा आपल्याकडचा संबंध जुना आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात फ्रेड गेसबर्ग या तंत्रज्ञाने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा विजेचा माइक नव्हता. एका भोंग्यात तोंड घालून जोरात गायचं आणि आवाजाच्या धक्क्याने हलणारी सुई मेणावर खुणा कोरत जायची. तासन् तास रंगणारं गाणं जेमतेम तीन मिनिटांत बसवायचं. घरंदाज म्हणवणाऱ्या बायका तेव्हा भोंग्यासमोर यायला तयार नव्हत्या. आल्या त्या तवायफा आणि कलावंतिणी. ज्यांना समाजाने कडेला बसवलं होतं, त्यांनीच या नव्या यंत्राला सर्वांत आधी वाकवलं. गाण्याच्या शेवटी गौहर जान इंग्रजीत आपलं नाव मोठ्याने सांगत. कारण साधं होतं. रेकॉर्डी छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, आणि कोणती रेकॉर्ड कुणाची हे तिथल्या कामगारांना कळायला हवं होतं. म्हणजे ती घोषणा ही कारखान्याची सोय होती. आज मात्र इतक्या खरखरीतून पलीकडून एक बाई ठणकावून स्वतःचं नाव सांगते, ते ऐकताना अंगावर काटा येतो.

आता नाव न सांगता आलेल्या बाईची गोष्ट ऐका. ही इंग्लंडमधली आहे.

बीबीसीने १९५८ साली 'रेडिओफोनिक वर्कशॉप' नावाचा विभाग काढला. रेडिओ-टीव्हीच्या कार्यक्रमांसाठी टेप आणि विजेच्या उपकरणांतून नवे आवाज तयार करण्याचं काम तिथे चाले. तो सुरू व्हावा म्हणून झगडणाऱ्यांत डॅफ्नी ओरॅम ही बाई पुढे होती. पण तिला हवं तसं काम तिथे होईना. वर्षभरातच तिने नोकरी सोडली आणि केंटमध्ये स्वतःचा स्टुडिओ थाटला. सिनेमाच्या फितीवर हाताने आकार रेखाटायचे आणि यंत्राने त्याचा आवाज करायचा, अशी पद्धत तिने शोधली. म्हणजे ती आवाज चक्क काढायची, आपण रांगोळी काढतो तशी.

तिच्यानंतर तिथे आली डेलिया डर्बीशायर. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकलेली. १९५९ मध्ये तिने डेका या रेकॉर्ड कंपनीत काम मागितलं, तेव्हा 'ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत आम्ही बायका घेत नाही' असं तिला सांगण्यात आलं. रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये तिने धातूची एक जुनी दिव्याची शेड ठोकून तिचा नाद टेपवर घेतला, ठोक्याचा भाग कापून टाकला, मागे उरणारा झंकार तेवढा ठेवला आणि त्यातून संगीत केलं. १९६३ साली 'डॉक्टर हू' या मालिकेचं शीर्षकसंगीत रॉन ग्रेनर यांनी लिहून दिलं. ते प्रत्यक्षात आणलं डेलियाने. छेडलेल्या एका तारेचा आवाज, विजेच्या उपकरणातले स्वर, नुसती खरखर, हे सगळं टेपवर घेऊन, वेग कमी-जास्त करून, प्रत्येक स्वराचा तुकडा मोजून कापून चिकटवत तिने ते उभं केलं. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे काम लगेच कळेल. तयार झालेलं ऐकून ग्रेनर थक्क झाले आणि तिलाही श्रेय मिळावं असा त्यांनी प्रयत्न केला. पण संस्थेच्या नियमात ते बसेना. पडद्यावर नाव आलं ते विभागाचं. डेलिया २००१ मध्ये वारली. या मालिकेत तिचं नाव पडद्यावर झळकलं २०१३ साली, मालिकेच्या पन्नाशीच्या भागात. तिच्या घरच्या माळ्यावर २६७ टेपा सापडल्या, त्या आता मँचेस्टर विद्यापीठाकडे आहेत.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जवळची. अमेरिकेतली पॉलिन ऑलिव्हेरोस. १९६५ मध्ये तिने 'बाय बाय बटरफ्लाय' ही जेमतेम आठ मिनिटांची रचना केली. साहित्य काय, तर प्रयोगशाळेत वापरतात तसे दोन ऑसिलेटर, दोन टेपरेकॉर्डर, दोन अ‍ॅम्प्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर. पहिल्या टेपरेकॉर्डरची फीत लांबवर ठेवलेल्या दुसऱ्यातून नेलेली, त्यामुळे आत्ता घेतलेला आवाज थोड्या वेळाने परत ऐकू येतो, आणि तो पुन्हा नव्या आवाजात मिसळतो. आधी बराच वेळ नुसत्या शिट्ट्या आणि गुणगुण. मग मध्येच रेकॉर्डवरून 'मादाम बटरफ्लाय' या पुचीनीच्या ऑपेरातलं बाईचं गाणं येतं. या ऑपेराची नायिका म्हणजे पंधरा वर्षांची जपानी मुलगी. अमेरिकन नौदल अधिकारी तिच्याशी लग्न करतो, सोडून जातो, आणि ती शेवटी जीव देते. गोड सुरांत वर्षानुवर्षं ऐकवली गेलेली ही गोष्ट. पॉलिन त्या गोड सुरांना ऑसिलेटरच्या आवाजाने वेढते, फाडते, विरघळवून टाकते. स्त्रियांना दडपणाऱ्या जुन्या सभ्यतेला आपण यातून निरोप दिला, असं तिने पुढे सांगितलं. मैत्रिणींनो, हे एका शब्दाचंही भाषण न करता! पहिल्यांदा ऐकाल तर कानाला त्रास होईल. तो होऊ द्या.

हे सगळं परदेशातलंच, असं समजू नका. अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडर यांनी तिथे मूग सिंथेसायझर बसवून दिला. तिथे काम करणाऱ्यांत गीता साराभाई होत्या. बायका सहसा हात लावत नसत तो पखवाज त्या शिकल्या होत्या. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून देणाऱ्याही त्याच. या स्टुडिओतल्या टेपा कित्येक वर्षं संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी त्या हुडकल्या, आणि २०२३ साली त्यांतल्या निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. आपल्या देशात पन्नास वर्षांपूर्वी असं काम झालं होतं हे आपल्यातल्या किती जणींना ठाऊक होतं?

आता घरी येऊ. जात्यावरच्या ओव्या तुम्हाला माहीत आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कित्येकींचं ध्वनिमुद्रण केलं. आज 'पारी' या संकेतस्थळावर त्या कुणालाही ऐकता येतात. काही ध्वनिमुद्रणांत गाण्याखाली जात्याची घरघर आहे. आता सांगा, ती घरघर ठेवायची की काढायची? आवाज 'स्वच्छ' करणाऱ्या संगणकाला विचाराल तर तो म्हणेल, काढा. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, एवढंच त्याला शिकवलेलं आहे. पण ओवीची लय त्या दगडाच्या फिरण्यातून येते. बाईचा दम, तिचा खांदा, पहाटेची वेळ, सगळं त्या घरघरीत आहे. ती काढली की छान गोड गाणं उरेल, आणि दळण नाहीसं होईल. काम गेलं आणि गाणं राहिलं. बायकांच्या बाबतीत हे इतक्या वेळा झालंय, की आता यंत्रही तेच करायला शिकलं.

कोकणातल्या एका मावशींनी मला एक कॅसेट आणून दिली होती. १९८० च्या दशकात त्यांचा नवरा आखातात नोकरीला होता. लिहिता-वाचता येत नसे, म्हणून त्या कॅसेटवर बोलून 'पत्र' पाठवत. हे त्यातलंच, न पाठवलेलं एक. नवी कॅसेट परवडत नसे, त्यामुळे भजनाच्या कॅसेटवरच बोलणं भरलेलं. जुनं पुसणारं हेड घाणेरडं असेल तर मागचा आवाज पूर्ण पुसला जात नाही. त्यामुळे मावशी बोलता बोलता थांबल्या की मागे कुठेतरी टाळ ऐकू येतात. त्यात पावसाळी हवेने फितीवर बुरशी धरलेली. रबरी चाक झिजलेलं, म्हणून आवाज लहरत होता. मी दोन प्रती केल्या. एक साफ केलेली, एक जशी होती तशी. मावशींनी आधी साफ केलेली ऐकली. त्या म्हणाल्या, "शब्द बरे कळतात गो. पण माझी कोंबडी खंय गेली?" दुसरी लावली तेव्हा कोंबडी होती, टाळ होते, आवाज लहरत होता. ती ऐकून त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पैशांचा सांगताना माझा आवाज असाच हलत होता. ही ठेव."

तो हलणारा आवाज झिजलेल्या चाकाचा होता की त्यांच्या गळ्याचा, हे मला आजही पूर्णपणे वेगळं करता येत नाही. त्यांना ते वेगळं करण्याची गरज वाटली नाही. त्यांच्या संमतीने मी त्या कॅसेटवर वीस मिनिटांची रचना केली. शब्द जवळजवळ नाहीत. आहेत ते बोलण्यामधले थांबे, टाळ, कोंबडी, फितीची सळसळ. थांब्यांची लांबी मी कुठेही बदललेली नाही.

आता दोन इशारे. माझ्या कलेवर माझं प्रेम आहे, तरी सांगते.

पहिला. आज मोबाइलवर एक बटण दाबलं की नव्या कोऱ्या आवाजाला जुन्या रेकॉर्डची खरखर चिकटवता येते. जाहिराती, गाणी, सगळीकडे ती ऐकू येते. ऐकणाऱ्याला वाटतं, अहाहा, काय सुखाचे दिवस होते! कुणाचे सुखाचे दिवस? त्या दिवसांत रेडिओची कळ कुणाच्या हातात होती, आणि ऐकायला बसायची फुरसत कुणाला होती? खरी खरखर काहीतरी सांगते: हवा दमट होती, पैसे कमी होते, एकच कॅसेट पाच वेळा वापरली. विकत आणलेली खरखर काहीच सांगत नाही. ती फक्त हळवं करते.

दुसरा इशारा जास्त गंभीर आहे. आपल्या गटांकडे अत्याचार सोसलेल्या बायकांच्या जबान्यांची, मुलाखतींची ध्वनिमुद्रणं असतात. ओळख लपवण्यासाठी आपण आवाज जाड किंवा बारीक करतो आणि निर्धास्त होतो. तसं होऊ नका. नुसती पट्टी बदललेला आवाज उलट फिरवून मूळ आवाजाच्या जवळ नेणं फारसं अवघड नाही. बोलण्याची ढब, खोकला, मागे वाजणारी शाळेची घंटा, यांवरूनही गावात ओळख पटते. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पूर्वी दंड संहितेच्या २२८ अ कलमात ही तरतूद होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमात आहे. तेव्हा अशी कहाणी ऐकवायचीच असेल, तर त्या बाईच्या परवानगीने, तपशील बदलून, दुसऱ्या कुणीतरी वाचलेली बरी. आणि एखाद्या कलाकाराने "मी या आवाजांतून काहीतरी सुंदर करतो" म्हणून ध्वनिफिती मागितल्या, तर आधी विचारा, ऐकणाऱ्याला तिचं म्हणणं कळेल, की फक्त तुझी करामत दिसेल? मी मागितल्या तरी मलाही हेच विचारा.

शेवटी, तुम्ही काय करू शकता ते सांगते.

प्रत्येक गटाच्या कार्यालयात एक खोकं असतं. मोर्च्यांच्या घोषणा, गाणी, शिबिरातल्या चर्चा, कुणाकुणाच्या मुलाखती. ते रद्दीत घालू नका. कॅसेटी उभ्या ठेवा, कोरड्या कपाटात, स्पीकर आणि चुंबकापासून दूर. बुरशी दिसली तर घाईने लावून बघू नका, चांगलं यंत्रही खराब होईल. जाणकाराकडून संगणकावर घ्या. पहिली प्रत कसलीही सफाई न करता घ्या आणि ती कायम राखा. साफ केलेली प्रत वेगळी. प्रत्येक कॅसेटवर बोलणारीचं नाव, साल, गाव लिहा, आणि नाव उघड करायचं नसेल तर तेही लिहा. पुढे डेलियासारखं कुणाला पन्नास वर्षं थांबावं लागू नये.

आणि एक खेळ. ॲल्विन लूसियर या अमेरिकन संगीतकाराला बोलताना अडखळायला होई. १९६९ साली त्याने एका खोलीत बसून काही वाक्यं टेपवर घेतली, ती त्याच खोलीत वाजवून पुन्हा मुद्रित केली, ते मुद्रण पुन्हा वाजवलं, असं कितीतरी वेळा. हळूहळू शब्द विरले, अडखळणं विरलं, आणि त्या खोलीचा स्वतःचा नाद तेवढा उरला. हे तुम्हाला दोन मोबाइल आणि एका स्पीकरवर करता येईल. फोनमध्ये आवाज आपोआप सुधारण्याची सोय असेल तर ती बंद करा. प्रत्येकीने एक वाक्य घ्यायचं, लहानपणापासून कानावर पडलेलं. "हळू बोल", "बायकांनी आवाज चढवू नये", असलं एखादं. ते दहा-बारा वेळा खोलीतून फिरवा आणि त्याचं काय होतं ते बसून ऐका. उद्या सकाळी चहानंतर आपण हे इथेच, या हॉलमध्ये करून बघणार आहोत. येताना आपापलं वाक्य ठरवून या, आणि माइक आधीच आपल्या उंचीला लावून घेऊ.